वांगं समोर ठेवूनच का रंगवायचं?

प्रश्न : माझी मुलगी इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेची तयारी करते आहे. घरी भांडी-फळांचा मोबाइलवर फोटो काढते आणि त्यावरून रंगवते. चित्र छान येतं. तुम्ही मात्र इतकी वर्षं वस्तू समोर मांडूनच स्थिरचित्रं रंगवता. असं का? – एक वाचक, पारोळा

उत्तर : ताई, परीक्षेपुरतं सांगायचं तर स्थिरचित्राच्या पेपरला वस्तू समोरच मांडलेल्या असतात, तेव्हा सरावही तसाच हवा. पण तुम्ही माझं विचारलंय.

गेल्या हिवाळ्यात बामणोदचं भरिताचं वांगं आणलं. उत्तरेच्या खिडकीपाशी पाटावर ठेवलं, शेजारी आजीचा तांब्याचा हंडा. आपल्या खान्देशात भरिताचं वांगं म्हटलं की हिरवं, हे डोक्यात पक्कं. तासभर बघितल्यावर ध्यानात आलं, हंड्याकडच्या अंगाला तो हिरवा उरलेलाच नाही. तांब्याचा उजेड पडून तिथे मातकट, किंचित गुलाबीसर राखाडी झालाय. त्याच वेळी मोबाइलवर फोटो काढून पाहिला. सावली काळी ठिक्कर, हंड्याची चमक पांढरीफट्ट. माझ्या मोबाइलला एवढा अंधार आणि एवढा उजेड एकदम झेपत नाही. आपला डोळा सावलीत उतरला की तिथे सरावतो आणि आतला रंग दाखवतो.

शिवाय आपल्याला डोळे दोन. वांग्याच्या कडेला दोघांना जरा वेगवेगळं दिसतं, म्हणून ती कड मागे वळल्यासारखी वाटते. फोटोवरून काढलेल्या चित्रात ती कात्रीने कापल्यासारखी येते. मुलांच्या चित्रांत मला लगेच ओळखू येते.

इटलीत बोलोन्याला जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) हा चित्रकार त्याच त्या बाटल्या-बरण्या पुढ्यात मांडून वर्षानुवर्षं रंगवत राहिला. बाटली बोटभर सरकली की शेजारच्या फटीचा रंगही बदलतो, हे मी त्याच्या चित्रांवरून शिकलो.

माझं चित्र चार दिवस चाललं. तोवर वांग्याच्या देठाची टोपी सुकून वर वळली होती. पहिल्या दिवशी रंगवलेला ताठ देठ मी खरवडला आणि वळलेला रंगवला. संध्याकाळी आईने ते वांगं कापसाच्या काड्यांवर भाजलं.

मुलीला सांगा, वांग्याशेजारी तांब्या-पितळेचं भांडं ठेव आणि अर्धा तास ब्रश न उचलता दोघांच्या मधल्या जागेकडे बघ. फोटो चित्र झाल्यावर काढ.