क्रॉस स्टिचमध्ये काही फुल्या एकेक करून अन् काही ओळीनं भरल्या तर काम एकसारखं दिसते का?

हो ताई, दिसते, फक्त प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेनं पडला पाह्यजे, मग ती फुली एकेक पूर्ण केलेली असो की ओळभर अर्धे टाके घालून परत येताना भरलेली. आमच्या गावच्या बचत गटात मी भरतकाम शिकवते, तिथंही पह्यले हेच पाहतो, कारण दोऱ्याला चमक असते अन् एक फुली जरी उलटी पडली तरी उजेडात ती डागासारखी उठून दिसते. मॅटीचं कापड (भरतकामाचं, टाके मोजून घालता येतीन असं जाड विणीचं) ९० अंशात फिरवलं की दिशा उलटते बरं का, पूर्ण १८० अंशात फिरवलं तर काही फरक पडत नाई. मोठा एकरंगी भाग ओळीनं भरा, सुट्या फुल्या एकेक, पण एकाच भागाच्या मधात पद्धत बदलू नका, दोन्हीत हाताची ओढ वेगळी पडते. दोरा कापडाला टेकला की थांबायचं, कापडाची भोकं मोठी दिसाले लागली म्हंजे ओढ जास्त झाली. दोन पदरी दोऱ्याला पीळ बसला तर सुई खाली लटकू द्या, आपोआप उलगडते. मागची बाजू मात्र एकसारखी येणार नाई, रुमालासारखं दोन्हीकडून दिसणारं काम असंन तर एकच पद्धत ठेवा.