दुकानाच्या बिलिंग कॉम्प्युटरवर व्हायरस डाउनलोड होऊ नये म्हणून काय करावं?

आधी बिलिंगला बसणाऱ्या पोराचं ॲडमिन अकाउंट काढा. विंडोजमध्ये त्याला 'स्टँडर्ड' अकाउंट द्या. मग बहुतेक सॉफ्टवेअर टाकताना पासवर्ड मागतो, आणि तो तुमच्याकडे. नंतर फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. ती म्हणजे फाइलच्या नावाची शेवटची अक्षरं, फाइल कसली आहे ते सांगणारी ('ईएक्सई' म्हणजे चालू होणारा प्रोग्राम). ती मुळात लपलेली असतात, म्हणून 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल नुसती 'बिल.पीडीएफ' दिसते आणि माणूस बिनधास्त डबल क्लिक करतो. क्रॅक केलेलं (लायसन्स तोडून फुकट चालवलेलं) टॅली असेल तर आजच उडवा. 'आधी अँटीव्हायरस बंद करा' म्हणणारं सॉफ्टवेअर हवंय कशाला? (विंडोजमधला डिफेंडर छोट्या दुकानाला पुरतो, फक्त चालू ठेवा.) बॅकअपचा पेनड्राइव्ह काम झालं की काढून ठेवा, लावलेला राहिला तर रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) त्यालाही कुलूप ठोकतं. खात्यातून पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन.