मुलाखतीतच कंपनी कशी ओळखायची?

"कंपनी वाईट आहे हे मुलाखतीतच कसं कळेल?" असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते सगळ्यात मोठी खूण म्हणजे मूळ प्रमाणपत्रं जमा करायला सांगणं किंवा ट्रेनिंगच्या नावाखाली डिपॉझिट मागणं. असं झालं तर सरळ उठून या. महापेला एका ठिकाणी मी डिग्रीचं मूळ प्रमाणपत्र देऊन बसले होते. नोकरी सोडल्यावर ते परत मिळवायला चार महिने खेटे घालावे लागले.

"आधीची व्यक्ती का गेली, किती दिवस होती?" हे विचाराच. उत्तर टाळलं किंवा गेलेल्याला नावं ठेवली, तर सावध व्हा.

पगाराचं बोलणं सीटीसीवर (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) थांबवू नका, हातात किती येणार ते विचारा. सीटीसीच्या आकड्यात बऱ्याचदा कंपनीचा पीएफचा १२ टक्के वाटा आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते. साधारणपणे २० किंवा जास्त कर्मचारी असले की पीएफ लागू होतो. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) साइटवर कंपनी शोधली की कोणत्या महिन्याचे पैसे कधी आणि किती जणांचे भरले ते दिसतं. ऐरोलीत चकाचक ऑफिस, सांगतात २०० माणसं आणि पीएफ ३० जणांचा, तर उरलेल्यांचं काय ते विचारा.

आणि जमलं तर संध्याकाळी त्यांच्या बिल्डिंगखालच्या टपरीवर चहा घ्या. वागळे इस्टेटमधली एक ऑफर मी तिथे ऐकलेल्या गप्पांमुळेच नाकारली: तिथल्या लोकांचा दोन महिन्यांचा पगार थकला होता.