11 वर्षांचा लॅब्रॅडॉर सकाळी उठताना अडखळतो, काय करावं?

आधी वजन बघा. बरगड्यांवरून हात फिरवला की त्या सहज लागायला हव्यात. दाबून शोधाव्या लागत असतील तर पोळी-भात आणि बिस्किटं कमी करा. सांध्यांसाठी मिळणाऱ्या कुठल्याही पावडरीपेक्षा यानेच जास्त फरक पडतो. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकतात, म्हणून त्याच्या नेहमीच्या वाटेवर रबरी मॅट टाका; वाढलेली नखं आणि पंजाखालचे केसही कापा. रविवारी एकदम तासभर पळवण्यापेक्षा रोज दोन-तीनदा 10-15 मिनिटं चालवा. माशाच्या तेलाचा गुण यायला दीड-दोन महिने लागतात, प्रमाण डॉक्टर वजनावरून ठरवतील. घरातली आयब्युप्रोफेन (माणसांची वेदनाशामक गोळी) मात्र चुकूनही देऊ नका: पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात. एकच पाय उचलून धरत असेल तर म्हातारपण म्हणून सोडू नका, एक्स-रे काढा.