टॅपिंगसारख्या ऊर्जाधारित मानसोपचार पद्धती नव्या क्लायंटला कशा समजावून सांगाव्यात?

आपण लिहिले आहे की आपण नुकतेच टॅपिंगचे, म्हणजे ठरावीक बिंदूंवर बोटांनी थोपटण्याच्या ईएफटी (इमोशनल फ्रीडम टेक्निक्स) या पद्धतीचे, प्रशिक्षण पूर्ण केले आहे. पहिल्या भेटीत मेरिडियन (शरीरातून ऊर्जा वाहते असे मानले जाणारे मार्ग) आणि ऊर्जाप्रवाह समजावू लागताच समोरचा माणूस एकतर गोंधळतो किंवा संशयाने पाहू लागतो, म्हणून सोपी भाषा हवी आहे. माझे मत आरंभीच सांगते. अडचण भाषेची नाही. मेरिडियनचे विवेचन पहिल्या भेटीत करण्याची गरजच नसते, आणि सिद्ध झालेली गोष्ट म्हणून तर ते कधीही करू नये. मी इंदूरला चौदा वर्षे समुपदेशन करते आहे आणि त्यांतली पहिली तीन वर्षे मी हीच चूक केली आहे.

लोकमान्य नगराच्या बाजूला राहणाऱ्या साठीच्या एक काकू माझ्याकडे आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). ओंकारेश्वराहून परतताना भेरूघाटात त्यांची बस घसरून कठड्याला टेकली होती. दुखापत कोणालाच झाली नव्हती, पण त्यानंतर काकू कोणत्याही वाहनात बसू शकत नव्हत्या. महूला राहणाऱ्या सख्ख्या बहिणीकडे त्या सात महिने गेलेल्या नव्हत्या. झोपेसाठी आणि धडधडीसाठी डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. सून त्यांना चालत घेऊन आली होती.

माझ्या खोलीत तेव्हा मानवी शरीराचा मोठा रंगीत तक्ता होता, त्यावर बारा मेरिडियन आणि शरीराच्या मध्यावरून जाणाऱ्या दोन रेषा. मी पट्टी घेऊन पाऊण तास तो तक्ता समजावला. भीतीचा प्रसंग घडला की प्रवाहात अडथळा येतो, बिंदूंवर बोटांनी थोपटले की तो मोकळा होतो, असे मी पूर्ण खात्रीने सांगितले, कारण मलाही ते तसेच शिकवले गेले होते. काकू पर्सची चेन उघडझाप करत ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारले, "म्हणजे माझ्यात काहीतरी अडकून बसलंय, असंच ना?" मी "हो" म्हणाले.

त्या एका होकाराचे पुढे काय झाले ते मला नंतर कळले. काकूंनी घरी आणि शेजारी सांगितले की अंगात काही अडकले आहे. अडकले आहे तर ते काढले पाहिजे, म्हणून शनिवारी नारळाचा उतारा झाला. मग कोणीतरी म्हणाले की गोळ्यांनी ऊर्जा दबते, आणि काकूंनी झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्या. अशा गोळ्या अचानक थांबवल्या तर काय होऊ शकते हे आपल्याला माहीत असेलच. चौथ्या रात्री हातपाय थरथरू लागले, छाती धडधडू लागली, आणि मुलाने त्यांना रात्री दीड वाजता रुग्णालयात नेले. दोन दिवसांनी सून वेळ न घेता आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "ताई, तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही. पण सासूबाईंनी ते अक्षरशः खरं मानलं, आणि तुम्ही मानू दिलंत." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्यानंतर मी या पद्धतीचा इतिहास नीट वाचला, आणि आपणही क्लायंटसमोर बसण्याआधी तो वाचावा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉजर कॅलहान यांनी १९८० च्या सुमारास पाण्याच्या तीव्र भीतीने त्रस्त असलेल्या एका स्त्रीला डोळ्याखालच्या बिंदूवर थोपटायला सांगितले, तिची भीती ओसरली, आणि त्यातून थॉट फील्ड थेरपी उभी राहिली. प्रत्येक त्रासाला बिंदूंचा वेगळा क्रम, अशी तिची मांडणी होती. गॅरी क्रेग, जे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, अभियंता होते, त्यांनी १९९० च्या दशकात सगळे क्रम बाजूला ठेवून सर्वांना एकच क्रम दिला, तोच ईएफटी. क्रम काढून टाकल्यावरही लोकांना बरे वाटतच राहिले, तर अमुक मेरिडियनचा अमुक भावनेशी संबंध आहे या दाव्याचे काय उरते, हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता. तसेच २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेट आणि होल्डर यांच्या अभ्यासात ११९ विद्यार्थ्यांचे गट केले होते: एका गटाने ठरलेल्या बिंदूंवर थोपटले, दुसऱ्याने हातावरच्या भलत्याच जागांवर, तिसऱ्याने चक्क बाहुलीवर, आणि चौथ्याने खेळणे तयार केले. पहिल्या तिन्ही गटांची भीती कमी झाली, चौथ्याची तशी झाली नाही.

माझा निष्कर्ष असा की, भीतीची आठवण मुद्दाम समोर ठेवणे, तिला ० ते १० असा आकडा देणे, त्याच वेळी शरीराला एक संथ, लयबद्ध काम देणे आणि "ही भीती असूनही मी स्वतःला स्वीकारते" असे मोठ्याने म्हणणे, हे सगळे मिळून काम करते. आकडा देण्याची रीतही ऊर्जेच्या परंपरेतली नाही. ती मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांच्या वर्तनोपचारातून आली आहे. बिंदूंचा स्वतंत्र परिणाम होतो असे मानणारे संशोधक आहेत आणि थोपटल्यानंतर कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक घटल्याची नोंद करणारे अभ्यासही आहेत. वाद चालू आहे. पण चालू असलेला वाद क्लायंटला निकाल म्हणून सांगता येत नाही.

काकू दीड महिन्याने पुन्हा आल्या, याचे श्रेय सुनेला आहे. गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा सुरू झाल्या होत्या. या वेळी मी तक्ता भिंतीवरून उतरवून ठेवला होता. मी जे बोलले ते जवळजवळ शब्दशः असे: "काकू, मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं. तुमच्यात काहीही अडकलेलं नाही. घाटातली ती वेळ आठवली की शरीर अजून तेव्हासारखंच घाबरतं. आपण ती थोडीथोडी आठवू आणि त्याच वेळी बोटांनी चेहऱ्यावर, हातावर हळू थोपटू. पुष्कळांना याने शांत वाटतं. का वाटतं याबद्दल जाणकारांत एकमत नाही. तुम्हाला नको वाटलं तर लगेच थांबू, आणि गोळ्यांबद्दल फक्त डॉक्टर सांगतील तेच करायचं." तीन मिनिटेही लागली नाहीत. काकूंनी हातातल्या काचेच्या बांगड्या कोपराकडे सारल्या, वाजू नयेत म्हणून त्यांवर रुमाल बांधला, आणि म्हणाल्या, "चल, दाखव." बस कठड्याला टेकल्याचा आवाज आठवताना त्यांनी आकडा आठ सांगितला, त्या दिवशी तो पाचावर थांबला. पुढे नऊ आठवडे लागले: आधी उभ्या रिक्षात बसणे, मग सिटी बसने दोन थांबे, मग सुनेसोबत महू. या प्रवासात थोपटण्याचा वाटा किती आणि रोज थोडे थोडे बसण्याचा किती, हे मी सांगू शकत नाही, आणि काकूंनाही मी तसेच सांगितले.

ज्यांच्याकडे मी शिकले ते सर आजही माझ्याशी यावरून वाद घालतात. विश्वास बसल्याशिवाय परिणाम नाही आणि ऊर्जेची मांडणी काढली तर विश्वासाला आधार उरत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते मान्य नाही, आणि आपल्या प्रशिक्षणातही हेच सांगितले गेले असेल तर ते आपणही मान्य करू नये. विश्वास बसायचा तो आपल्या वागण्यावर बसावा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधली संमतीची व्याख्या वाचून पाहावी: जोखीम, लाभ आणि पर्याय यांची पुरेशी माहिती, त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत, आणि दिशाभूल न करता. सरांना मी ती दाखवली तेव्हा ते म्हणाले की ती रुग्णालयांसाठी आहे. काकूही शेवटी रुग्णालयातच गेल्या होत्या.

हे सारे चिंता आणि विशिष्ट भीतीबद्दल आहे. आघात खोल असेल, भास होत असतील किंवा जीव देण्याचे विचार येत असतील, तर टॅपिंग बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक कुटुंबाला लिहून द्यावा. एखादा क्लायंट स्वतःहून प्राण किंवा ऊर्जा हा शब्द वापरत असेल तर त्याला खोडू नये. तो त्याचा शब्द आहे, फक्त त्यावर आपली मोहोर उमटवू नये. आणि सगळे ऐकून कोणी "मला हे थोपटणं नको" म्हणाले, तर समजावत बसू नये. उरलेला तास साधे बोलण्यात घालवावा आणि पुढची वेळ नेहमीप्रमाणे द्यावी.