पालिका मंडईच्या जागेसाठी डेव्हलपर निवडते कसा? सगळं आधीच ठरलेलं असतं का?

तुमचा प्रश्न असा की सांगलीत पालिकेच्या जागेवरची जुनी मंडई पाडून खासगी डेव्हलपरकडून नवीन कॉम्प्लेक्स बांधून घ्यायचं चाललंय, वडिलांचा तिथं गाळा आहे, तर हा डेव्हलपर निवडतात कसा, आणि नाव आधीच ठरलेलं असतं का. मी सांगलीतच ठेकेदार आणि बिल्डर लोकांना टेंडरची कागदं तयार करून द्यायचं काम करतो, त्यामुळं ही फाईल कशी फिरते ते रोज बघायला मिळतं. जरा लांबलचक लिहितोय, पण हा विषय तुमच्या घरापर्यंत आलाय तर नीट समजून घ्या.

सगळ्यात आधी एक सांगतो. लोक लिफाफे उघडायच्या दिवसाची वाट बघत बसतात, पेपरला बातमी येते अमुक कंपनीला काम मिळालं, मग आरडाओरडा सुरू होतो. पण निवड त्या दिवशी होतच नाही. टेंडरच्या अटी लिहिल्या जातात तेव्हाच कोण आत येणार आणि कोण बाहेर राहणार हे बऱ्यापैकी ठरून जातं, म्हणून बघायचं असेल तर तिथं बघा.

आता क्रमानं घेऊ. जागा पालिकेची म्हणजे ती आयुक्तांची पण नाही आणि नगरसेवकांची पण नाही. महापालिका असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ७९ लागू होतं, त्यात स्पष्ट आहे की जागा जास्त वर्षांसाठी लीजनं द्यायची तर महासभेची म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेची मंजुरी पाहिजे आणि मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी चालत नाही. साताऱ्यासारखी नगरपालिका असेल तर १९६५ चा नगरपरिषद अधिनियम, कलम ९२. म्हणजे या फाईलमधला पहिला महत्त्वाचा कागद जागेचं मूल्यांकन, आणि ते कुणी केलं, कुठल्या वर्षाच्या रेडीरेकनरवर म्हणजे सरकारी भावाच्या तक्त्यावर केलं, वर बांधता येणारा एफएसआय म्हणजे जागेच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं ते धरला का नुसत्या मोकळ्या जागेचा भाव धरला, हे बघायचं. मोकळ्या जागेचा भाव धरला असेल तर पालिकेचा पाया तिथंच खचतो कारण पुढची सगळी बोली त्या आकड्यावर उभी राहणार असते.

महासभेचा ठराव मागवाल तेव्हा तारीख बघा. आपल्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली आणि त्यानंतर प्रशासक आले, त्या काळात महासभा आणि स्थायी समिती दोन्हीचे अधिकार एकाच खुर्चीकडं होते. तेव्हाचा ठराव असेल तर चर्चा अशी झालेलीच नसते, नुसता कागद असतो, म्हणून तो जास्त बारकाईनं वाचायला लागतो. बेकायदा असतो असं मी म्हणत नाही.

मग येतो सल्लागार. पालिका एक कन्सल्टंट नेमते, तो डीपीआर म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर अहवाल करतो, किती मजले, किती गाळे, पार्किंग किती, पैसा कसा निघणार, आणि बहुतेक वेळा आरएफपी म्हणजे टेंडरचं मुख्य पुस्तक पण तोच लिहितो. इथं जरा थांबा, कारण खरा खेळ इथं आहे. पात्रतेच्या अटी बघा. समजा काम २० कोटींचं आहे. केंद्रीय दक्षता आयोगानं २००२ मध्ये कामांच्या ठेक्यांसाठी एक साधारण माप दिलंय: मागच्या सात वर्षांत अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची तीन, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक असं सारख्या प्रकारचं काम केलेलं असावं, आणि तीन वर्षांची सरासरी उलाढाल ३० टक्के तरी असावी. ते माप केंद्राच्या कामांसाठीचं आहे, पालिकेला बंधनकारक नाही, पण तुलना करायला उत्तम. या हिशोबानं २० कोटींच्या कामाला ६ कोटींची उलाढाल पुरते. आता टेंडरमध्ये जर १०० कोटींची उलाढाल मागितली असेल, किंवा 'मंडई आणि थिएटर एकाच इमारतीत बांधल्याचा अनुभव' असलं काहीतरी घातलं असेल, तर ती अट कुणाच्या तरी अंगाच्या मापानं शिवलेली आहे का हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. उलटं पण होतं बरं का, अटी इतक्या ढिल्या की ज्यानं कधी चार मजले बांधले नाहीत तो पण आत, आणि मग खड्डा खणून पैसे संपले म्हणून काम बंद पडतं, गाळेधारक पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं. मला विचाराल तर या दुसऱ्या प्रकारानं माणसं जास्त भरडली जातात.

टेंडर महाटेंडर्स म्हणजे राज्य सरकारच्या टेंडर पोर्टलवर लागतं, तिथं बहुतेक कागद लॉगिन न करता पण उतरवून घेता येतात. नंतर प्री-बिड मीटिंग होते, इच्छुक लोक शंका विचारतात आणि पालिका उत्तरं आणि शुद्धिपत्रक टाकते. शुद्धिपत्रकं नक्की वाचा, लोक मूळ पुस्तक वाचतात आणि हे सोडून देतात, पण अटी हळूच बदलायची जागा हीच. शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी उलाढालीची अट बदलली आणि मुदत वाढवली नाही, तर नव्यानं पात्र झालेल्यानं कागद जमवायचे कधी?

बोली दोन लिफाफ्यांत असते. पहिला तांत्रिक, त्यात अनुभवाचे दाखले, ऑडिट झालेले ताळेबंद, बयाणा रक्कम म्हणजे बोलीबरोबर भरायची अनामत. त्यात जे पास होतील त्यांचाच दुसरा म्हणजे आर्थिक लिफाफा उघडायचा. रस्त्याच्या कामाला सगळ्यात कमी दरवाला जिंकतो, इथं उलटं, जो पालिकेला जास्त देईल तो. पण जास्त म्हणजे काय, हेच कुणी नीट सांगत नाही आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. एक उदाहरण घेऊ. पहिला म्हणतो ५ कोटी आत्ता एकदम देतो. दुसरा म्हणतो दरवर्षी ४० लाख देतो, ३० वर्षं. सभेत कुणीतरी उठून सांगतो दुसऱ्याकडून १२ कोटी येणार, टाळ्या. पण पुढच्या पैशाची आजची किंमत काढायला लागते. १० टक्के दर धरला तर ते ४० लाख आजच्या भावात साधारण पावणेचार कोटी होतात, म्हणजे ५ कोटीवाला पुढं. आता त्याच ४० लाखावर दरवर्षी ५ टक्के वाढ आहे असं करारात असेल तर आजची किंमत ६ कोटींच्या आसपास जाते, म्हणजे दुसरा पुढं! एका ओळीच्या अटीनं विजेता बदलला. म्हणून टेंडरमध्ये बोली कशी मोजणार, दर किती धरणार, वाढ किती, हे आधीच लिहिलेलं पाहिजे. ते नसेल तर लिफाफे उघडल्यावर कुणालाही जिंकवता येतं आणि हिशोब बरोबरच दिसतो.

कधी कधी डेव्हलपर स्वतःच प्रस्ताव घेऊन येतो, त्याला स्विस चॅलेंज म्हणतात. मग पालिका तो प्रस्ताव जाहीर करून इतरांकडून बोली मागवते आणि मूळवाल्याला बरोबरी करायची संधी देते. २००९ मध्ये म्हाडाच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं ही पद्धत मान्य केली, पण नियम आधी जाहीर करा असंही बजावलं.

आधीच ठरलेलं असतं का? काही वेळा असतं, नाही म्हणणार नाही. आमच्या लाईनीत त्याला टेंडर मॅनेज करणं म्हणतात, तिघं भरतात पण दोघं नुसते नावाला. खुणा असतात. तिघांच्या कागदात एकच टायपिंगची चूक, बयाण्याच्या रकमा एकाच बँकेतून एकाच दिवशी, हरलेल्यांचे आकडे जिंकलेल्याच्या जेमतेम खाली. स्पर्धा कायदा २००२ नं याला मनाई केलीय आणि दंड होऊ शकतो. पण एकच बोली आली म्हणजे मॅनेज असंही समजू नका, छोट्या शहरात खरंच कुणाला जोखीम नको असते, आणि साधारण पद्धत अशी की पहिल्या वेळी पुरेशा निविदा आल्या नाहीत तर मुदतवाढ देतात. कोर्टात जायचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाच्या १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून कोर्ट सहसा कोण चांगला हे ठरवत नाही, पद्धत पाळली का एवढंच बघतं. म्हणून पद्धतीतला दोष कागदावर सापडला तरच उपयोग.

आणि एक खास सांगलीचं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ ला परत घुसलं, त्याआधी २००५ आहेच. तरी अशा टेंडरांत तळघरात पार्किंग दाखवतात आणि करारात पूर म्हणजे दैवी आपत्ती असं छापील कलम तसंच ठेवतात, म्हणजे पूर आला की डेव्हलपरला मुदतवाढ आणि नुकसान पालिकेचं. आपल्याकडं पूर काय अचानक येतो का? निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, जागा कुठल्या रेषेत आहे हे नकाशावर दिसतं. मग ज्याला जागा मिळणार त्यानं तो खर्च बोलीतच धरायला पाहिजे, विमा त्यानं काढायला पाहिजे, आणि हे सगळ्या बोलीदारांना एकसारखं लागू पाहिजे. नाहीतर ज्यानं पुराचा खर्च प्रामाणिकपणे धरला त्याची बोली कमी आणि तो हरतो.

तुमच्यासाठी आता काय. माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक अर्ज एक विषय, १५० शब्दांत. मूल्यांकन अहवाल, ठराव, सल्लागाराचा डीपीआर आणि कराराचा मसुदा मागा. टेंडर चालू असताना बोलीचे आकडे देणार नाहीत, ते बरोबरच आहे, पण वरचे कागद अडवायचं कारण नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. मसुद्यात जुन्या गाळेधारकांचं पुनर्वसन कुठल्या मजल्यावर, किती चौरस फूट, तात्पुरती जागा कोण देणार, काम रखडलं तर भाडं कोण भरणार, हे शोधा. 'प्राधान्यानं विचार केला जाईल' एवढंच लिहिलेलं असेल तर हातात काही नाही, प्री-बिडच्या आधीच गाळेधारक संघटनेतर्फे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मंडईबाहेर बसणाऱ्या भाजीवाल्या मावश्यांचं नाव तर कुठंच नसतं, त्यांच्यासाठी २०१४ चा फेरीवाला कायदा आहे, त्यातल्या शहर फेरीवाला समितीत निदान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचेच असतात, त्यांना पण बरोबर घ्या.

वडिलांना सांगा की मूळ भाडेकरार, सगळ्या भाडेपावत्या, शॉप अॅक्टचा दाखला आणि लाईट बिलं एका फाईलमध्ये लावून ठेवा, आणि गाळा आजोबांच्या नावावर असेल तर वारस नोंद पालिकेत आत्ताच करून घ्या. पात्र गाळेधारकांची यादी तयार होते तेव्हा हीच कागदं मागतात आणि हरकतीला मुदत फार थोडी असते.