दिल्ली आणि मुंबई यांपैकी सलग शहरी पसारा कोणाचा मोठा आहे?

दिल्लीचा. क्षेत्रफळ बघायचं तर वादच नाही. गाझियाबाद, नोएडा, फरीदाबाद सगळं एकमेकाला चिकटलंय आणि पसरायला सपाट जमीन आहे. मुंबईला एकीकडे समुद्र, पोटात शंभरेक चौ. किमीचं राष्ट्रीय उद्यान; ती बिचारी रुळांच्या कडेकडेने लांबत गेली.

पण ‘सलग’ हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. मी विरारचा. आमचे साडू गुडगावला असतात. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी सगळ्यांदेखत ऐकवलं, “तुमचं विरार मुंबईत धरतच नाहीत, जनगणना काढून बघा.” घरी येऊन काढली, तर खरंच! २०११ चा बृहन्मुंबई नागरी समूह (म्हणजे जनगणना एकच शहर धरते तो जोडलेला पट्टा) १.८४ कोटींचा, त्यात सीएसएमटीपासून ६८ किमीवरचं बदलापूर आहे, आणि चर्चगेटपासून ६० किमीवरचं विरार वेगळं काढलंय. मधे भाईंदरची खाडी आहे म्हणावं, तर नवी मुंबई आत आहे. वाशीची खाडी काय कोरडी आहे?

मग त्याच तक्त्यात दिल्ली शोधली. १.६३ कोटी. साडूंचं गुडगाव त्यात नाहीच, ते हरियाणात पडतं ना! म्हणजे त्या आकड्यांवरून मुंबई मोठी दिसते, ती निम्मी राज्याच्या सीमेची कृपा. (उलटी गंमत एनसीआरची, म्हणजे दिल्लीभोवतीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्राची. ५५ हजार चौ. किमी, महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्शाहून जास्त, त्यात मुझफ्फरनगरचे उसाचे फडसुद्धा आले. हा आकडा कोणी तोंडावर फेकला तर उत्तरही देऊ नका.)

पुढे त्यांच्याकडे जाताना मेट्रोच्या यलो लाइनवर मी मुद्दाम खिडकीशी उभा राहिलो. घिटोरनी ते अर्जनगढ, नुसती फार्महाउसं आणि बाभळीचं रान. फोटो काढून पोचल्या पोचल्या दाखवला. म्हणाले, “ते अरवलीचं जंगल आहे, ते धरत नाहीत.” बरं! जंगल धरायचं नाही, खाडी मात्र धरायची.

फ्रान्सचा नियम मला पटतो. दोन इमारतींत २०० मीटरहून जास्त मोकळी जागा आली की सलगता तुटली. मात्र मधल्या नदीवर पूल असेल तर नदीमुळे तुटली म्हणत नाहीत. आमच्या खाडीवर रेल्वेचा पूल आहे, त्यावरून रोज लाखो माणसं जातात. तुम्ही तुलना करणार असाल तर हाच नियम लावा, सरकारी हद्दी सोडून द्या.

आता खरं सांगायचं तर खाडीपलीकडच्या नायगावची मिठागरं २०० मीटरहून रुंद आहेत, त्यामुळे या नियमानेही विरार बहुतेक बाहेरच पडेल. साडूंना हे अजून सुचलेलं नाही.